माशांची न्याहारी

मुळा धरणाच्या खालच्या अंगाला सरकारी मत्स्यबीजाची तळी होती आणि त्यांवर शलमोन राखणदार होता. आता राखणदार म्हणायचं एवढंच. शेवाळ काढणारा तोच, बगळे हाकणारा तोच, अन् साहेब आले की खुर्ची पुसणाराही तोच. त्र्याहत्तरचा पाऊस लागला तोवर गडी पार पिळून निघाला होता. दुष्काळात तळी भेगाळली, तेव्हा विहिरीचं पाणी खांद्यावर वाहून त्यानं एका खड्ड्यात रोहू-कटला माशांच्या थोड्या जोड्या जगवल्या होत्या. खांदा तेव्हा जो दुखायला लागला, तो पुढं कधी थांबलाच नाही.

माशांचं बी कलकत्त्याहून रेल्वेनं यायचं. ते इथंच निपजेल का, असा साहेबांचा प्रयोग होता. माशाच्याच डोक्यातली बारीक गाठ घोटून तिची सुई त्यांनी जोड्यांना टोचली, अन् काय सांगावं, अंडी पडली! पिल्लं अर्ध्या बोटाएवढी झाली. ती जायची होती देवळाली प्रवरेच्या पुढं, बन्सी भोयाच्या तळ्यात. दुष्काळात ते तळं कोरडं पडलं, मासळी मेली आणि सगळी भोईआळी खडी फोडायला गेली. आता तळ्यात पाणी होतं, पण मासा नव्हता. बी पोचलं नाही, तर आणखी वर्षभर हातोडाच.

निघायच्या आदल्या दिवशी पिल्लं कापडी जाळीत कोंडून उपाशी ठेवायची, असा नियम. पोट रिकामं असलं की वाटेत पाणी घाण होत नाही. शलमोननं तसंच केलं, अन् पहाटे बैल जुंपायला गेला. परत येऊन पिल्लं पाण्याच्या डब्यांत भरली अन् डबे गाडीत चढवले.

गाडी गावाबाहेर पडली, ऊन चढलं, अन् डब्यांतल्या पाण्यावर पांढरा फेस आला. शलमोननं हात घालून पाणी ढवळलं, नाकाशी नेलं. पेंडीचा वास. कुणीतरी पिल्लांना चारलं होतं.

मेरी! त्याची बायको. चार घास खाल्ल्याशिवाय तिनं दारातून पाहुणा कधी जाऊ दिला नव्हता. दुष्काळात स्वतः पाणी पिऊन निजली, पण वाटसरूला भाकरी दिली. पिल्लं जाळीत तोंडं वासताना बघितली असतील, टाकली असेल मूठभर पेंड. रागवायचं तरी कसं? अन् रागवायला अंगात त्राण तरी कुठं होतं?

वाटेत एका मळ्यात रंगुबाई नावाची म्हातारी विहिरीवर पाणी शेंदत होती.

"मावशे, थोडं पाणी दे. डब्यातलं बदलायचंय."

"डब्यात काय हाय?"

"माशाची पिल्लं."

"आत्ता गं बया! परवापरवापर्यंत माणसाला घोटभर मिळंना, अन् तू मासळीला पाजायला आलास व्हय? लई चांगले दिवस आले म्हनायचे!"

"मरत्यात गं ती."

म्हातारीनं डब्यात डोकावलं. पोटं वर करून तरंगणारी पिल्लं बघून तिचं तोंड जरा मऊ झालं. "घे. पर पवरा तू वढ. माझी कंबर गेली."

शलमोननं दुखऱ्या खांद्यानं पाणी ओढलं, मेलेली पिल्लं वेचून टाकली, ताजं पाणी हळूहळू घातलं. पुढं वाटभर तो डब्यात हात फिरवत राहिला. बैल आपल्या मनानं चालले.

भोईआळी तळ्याच्या काठावर उभीच होती. बन्सीनं एकेका डब्यात बघितलं अन् डोक्यावरचं फडकं काढून झटकलं.

"शलमोनभाऊ, ही काय चेष्टा हाय का? निम्म्याच्या वर गेली की!"

"गेली."

"कशानं?"

"पाणी नासलं. चूक माझी."

"ह्येवढीच पिल्लं तळ्यात सोडली, तर चिखलात दडून वाचलेली एखादी मरळ दुपारच्याला खाऊन टाकंल. मग आमी परत खडीवरच का?"

शलमोननं काठावरून नजर फिरवली. तळ्याच्या कडेला एक डबकं होतं, गवतानं भरलेलं. त्यानं आत उतरून काठीनं तळ चाचपला. मरळ नव्हती, बेडूक मात्र रग्गड.

"बन्सी, ह्ये साफ करू. हितं वाढवू, बोटाएवढी झाली की तळ्यात सोडू. मग मरळीला सगळी घावायची न्हाईत. जगली तर घरापुरती मासळी व्हईल, अन् पुढं साहेबांची सुई टोचून त्यांचंच बी धरू."

"अन् राखायचं कुनी? आमाला त्यातलं काय कळतंय?"

शलमोनला डोळ्यांपुढं घर दिसत होतं. खाट दिसत होती. आज जाऊन पडायचं, एवढंच त्यानं सकाळपासून मनाशी धरलं होतं.

"मी ऱ्हातो," तो म्हणाला. "गाडी माघारी कुनाबरुबर तरी लावून द्या."

"घरी काय निरोप?"

"सांगा, बी पोचलं. साहेबांना काय सांगायचं ते मी बघीन."

मग त्यानं सदरा काढून बाभळीला अडकवला आणि गुडघाभर चिखलात गवत उपटायला लागला. थोड्या वेळानं बन्सी, काहीतरी पुटपुटत, दुसऱ्या कडेनं उतरला.