मोक्ष पुढच्या वर्षी

आज मी जो काही आहे, तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या संस्कृतच्या सरांमुळे. माझे वडील गवंडी. दहावी झाली की माझ्याही हातात थापी यायची, हे घरात ठरलेलं होतं. सर घरी आले, ओट्यावर वडिलांशेजारी बसले आणि म्हणाले, "पोरगं मला द्या. नाही जमलं तर परत आणून सोडतो." त्यांना मला परत आणून सोडावं लागलं नाही. घरातला पहिला पदवीधर झालो, बँकेत लागलो, आणि बदल्या होत होत कोलकात्यात येऊन तिथल्या बेहाला भागात स्थिरावलो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सरांना हृदयाची झडप बदलायला सांगितली. सर तयार होईनात. मी फोन केला तर हसले.

"अरे, धर्म झाला. अर्थ पेन्शनीपुरता झाला. कामाचं तुझ्या काकूंना विचार. आता चौथ्याच्या दारात उभा आहे, तर तू मधे डॉक्टर कशाला आणतोस?" आणि फोन ठेवला. त्यानंतर ऑपरेशन हा शब्द ऐकला की ते फोन ठेवूनच देत.

तेव्हा मी एक युक्ती योजली. इथल्या आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीत मुलांकडून चार पुरुषार्थांवर कार्यक्रम बसवायचा, त्याचं चित्रण सरांना पाठवायचं आणि ते खूश झाले की त्यांच्याकडून हो म्हणवून घ्यायचं. भाषणाला मुलं थांबत नाहीत, म्हणून प्रत्येक पुरुषार्थाला आजची गाणी घ्यायची. निवड आठवीतल्या माझ्या मुलीकडे दिली. ती इथेच वाढली. तिचं मराठी घरापुरतं आहे.

दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "बाबा, कामची गाणी तर सगळीच आहेत. धर्मचं एक पण मिळत नाही."

"नीट शोध."

तिने एका रॅपवाल्याचं गाणं लावलं. त्याने सुरुवातीला आईच्या पायांना हात लावला, मग आपलं घड्याळ आणि गाडी यांचं वर्णन केलं, आणि मग गाडीत बसलेल्या मुलीचं. धर्म, अर्थ, काम. क्रमसुद्धा चुकला नव्हता. सरांना जे शिकवायला अख्खं सत्र लागलं, ते याने तीन मिनिटांत उरकलं होतं. मी प्रामाणिकपणे वहीत टिपून घेतलं.

मोक्षावर मात्र आमचं भांडण झालं. तिने आणलेल्या गाण्यात प्रेयसी सोडून गेलेला एक तरुण फोन बंद करून डोंगरावर फिरत होता.

"हा मोक्ष नव्हे, बाळा. ही सुट्टी."

"तुम्हीच बोललात, मोक्ष म्हणजे सुटणं. तो सुटला ना! बघा किती खूश आहे."

मी ते गाणं ठेवलं.

कार्यक्रम बालीगंजच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये होता. धर्माच्या वेळी लोक खुर्च्या शोधत होते. अर्थाला टाळ्या पडल्या, त्यातही बँकवाल्यांच्या जास्त. कामाला मात्र वन्स मोअर आला. कितीही पिढ्या बाहेर काढल्या तरी मराठी माणूस वन्स मोअर विसरत नाही. मुलं पुन्हा नाचली. पुन्हा वन्स मोअर. पहिल्या रांगेत एक निवृत्त साहेब उभे राहून टाळ्यांनी ठेका धरत होते आणि त्यांच्या पत्नी त्यांचा शर्ट धरून खाली ओढत होत्या.

इतक्यात आमचे सचिव विंगेत आले. यांचं घराणं तीन पिढ्या इथलंच. "आता आरती घ्या. हॉलवाला दिवे घालवायला लागलाय."

माझी मुलगी म्हणाली, "पण काका, मोक्ष राहिलाय."

"मोक्ष पुढच्या वर्षी घेऊ हो! मोदक गार होतायत."

आरती झाली. माझी मुलगी डोंगरावर जायच्या पोशाखात मोदक खात होती.

चित्रण तसंच पाठवलं. दोन दिवसांनी सरांचा स्वतःहून फोन आला. "तिन्ही पाहिले. त्या उभ्या राहिलेल्या गृहस्थांना नमस्कार सांग. पण चौथा कुठाय?" मी ऑपरेशनचं बोलायला तोंड उघडलं आणि फोन बंद झाला. पत्र मात्र मधेच बंद करता येत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी लिहिलं:

"तीर्थस्वरूप सरांस, शिरसाष्टांग नमस्कार.

चौथा कुठे आहे, असं आपण विचारलंत. तो वेळेअभावी राहिला. पुढच्या वर्षी नक्की घेऊ, असं सचिवांनी स्वतः सांगितलं आहे. माझ्या मुलीचं त्याबद्दल स्वतःचं मत आहे आणि ते मला खोडता येत नाही. ते खोडायला आपणच इथे यायला हवं. क्रम सोडून काही करू नये, असं आपणच वर्गात सांगत होता. आमच्याकडे चौथा अजून झालेला नाही. तेव्हा आपणही घाई करू नये, आणि डॉक्टर म्हणतात ते तेवढं करून घ्यावं. मी रजा टाकली आहे. सोमवारी गाडीत बसतो.

आपला, परत न सोडलेला विद्यार्थी."