पौषातला समुद्र

कळंबच्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी गाडी करून कोकणात सहल काढली होती. मीही गेले. समुद्रावर उतरल्यावर सगळ्यांनी साड्या पोटऱ्यांपर्यंत वर धरल्या आणि लाट आली की मागं पळायचा खेळ सुरू केला. मी मात्र पुढं चालत राहिले. पाणी कमरेला लागलं तेव्हा पाठीमागून हाका यायला लागल्या आणि दोघींनी येऊन मला दंडाला धरून बाहेर काढलं. आम्ही घरी पोचायच्या आत माझा ओल्या साडीतला फोटो गल्लीच्या ग्रुपवर पडला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आमच्या टेलरबाई बुडता बुडता वाचल्या.'

मला पोहता येतं हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. परंड्याजवळ माझं माहेर आहे, तिथं शेतात मोठी विहीर आहे. वडिलांनी आमच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला आणि धाकट्या भावाला एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकवलं. माझा डबा भावाच्या आधी सुटला. पुढं मी वयात आले आणि विहिरीवर जाणं बंद झालं. कुणी रागावलं नाही की काही बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आईनं मला पापड लाटायला बसवलं, एवढंच.

तो फोटो बघून मी ठरवलं की समुद्रात पोहायचं, आणि तेही जिथं ओळखीचं माणूस भेटणार नाही अशा ठिकाणी. माझं शिलाईचं दुकान आहे. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडलेला असतो, त्यामुळं दुकान बंद ठेवायचं तर पौषात, कारण पौषात लग्नं नसतात. पौषात कुठल्या समुद्रावर ऊन असतं आणि आपल्याला झेपेल अशा खर्चात कुठं जाता येतं, हे मी दुपारच्या निवांत वेळी मोबाइलवर शोधायला लागले. शेवटी श्रीलंकेचा दक्षिण किनारा नक्की केला. तिथं त्या दिवसांत पाऊस नसतो, पाणी शांत असतं आणि राहणं-खाणं स्वस्त असतं.

नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेतातून आल्यावर म्हणाला की तेव्हा तूर काढायला आलेली असते, त्याला जमायचं नाही, पण मी जावं. फक्त एकटीनं नको.

सोबतीला कोण, हा प्रश्न माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सोडवला. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांचं माहेर जळकोटचं. माहेरच्या माणसांशी कानडीत बोलतात आणि सकाळी अंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. अशा बाईला परदेशात चला म्हणायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या साडीला फॉल लावायला म्हणून दुकानात आल्या आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसून म्हणाल्या, "म्या येते. मला पोहायचं न्हाय. मला इमानात बसायचंय."

आम्ही दोघी लातूरला एका टूरवाल्याकडं गेलो. त्याच्या सहलीत हत्ती होते, देवळं होती, खरेदी होती, आणि समुद्राला एक संध्याकाळ होती. भावही आमच्या आवाक्याबाहेरचा. आम्ही त्याचा चहा घेतला आणि निघालो. एसटीत बसल्यावर अक्का म्हणाल्या, "आपणच करू की."

मग आम्हीच केलं. कुर्डुवाडीहून चेन्नईपर्यंत रेल्वे, चेन्नईहून कोलंबोचं विमान, तिथून समुद्राच्या काठाकाठानं जाणारी रेल्वे. हॉटेलाऐवजी एका बाईच्या घरातली खोली घेतली. मोबाइलवरच भाषांतर करून मी तिला विचारलं की आम्ही मासे खात नाही, स्वयंपाक करू द्याल का. तिनं कळवलं की मागच्या पडवीत शेगडी आहे आणि नारळ अंगणातच आहेत. अक्कांनी त्याच दिवसापासून ज्वारीचं पीठ किती आणि शेंगाचटणी किती, हे ठरवायला घेतलं. पासपोर्टसाठी त्यांचं नाव जुळेना. शाळेत एक होतं, लग्नानंतरचं दुसरं. दाखल्यासाठी त्या जळकोटच्या शाळेत हेलपाटे घालत राहिल्या, पण दाखला मिळवलाच.

खरी अडचण घरात होती. माझ्या थोरल्या दिरांचं, म्हणजे अक्कांच्या मालकांचं, मार्केट यार्डात आडतीचं दुकान आहे. ते नाही म्हणत नव्हते, पुढच्या साली बघू म्हणत होते. ऊनच पाहिजे तर आपल्या माळावर फुकट आहे, असंही म्हणून झालं होतं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "दोघी बायकाच जाणार? संगं गडीमाणूस कोण?"

अक्कांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि अगदी सावकाश बोलल्या, "तुमी दरसाली मार्केटातल्या लोकांसंगं तिरुपतीला जाता. संगं बाईमाणूस कोण हाय, असं म्या कधी इचारलं का?"

दिरांनी ती भाकरी संपवली. हात धुतल्यावर त्यांनी मला विचारलं, रेल्वे किती वाजताची आहे. कुर्डुवाडीला सोडायला तेच आले.

पण त्याआधी मला स्वतःची खात्री करून घ्यायची होती. सोलापुरातून मी ताणणारं काळं कापड आणलं. साध्या सुईनं त्यावर टाके सुटत होते, म्हणून वेगळी सुई आणून लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहायचा पोशाख शिवला. भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा तो सोबत घेतला. ओवाळून झाल्यावर भावाला म्हणाले, चल विहिरीवर.

"ताई, वय बघ की गं आपलं," तो म्हणाला.

"दोर घेऊन काठावर उभा रहा."

पायऱ्या उतरले आणि पाण्यात शिरले. हातपाय विसरले नव्हते, दम विसरला होता. एका फेरीतच छाती भरून आली. मी पायरीला धरून धापा टाकत राहिले. भाऊ वरून विचारत होता, दोर टाकू का. मला रडू आलं ते दमल्यामुळं नाही, राग आला म्हणून. इतकी वर्षं हे पाणी इथंच होतं.

त्यानंतर दर रविवारी दुकान बंद ठेवून मी बार्शीमार्गे एसटीनं माहेरी जायला लागले. आधी एक फेरी, मग दोन, मग मोजायचं सोडून दिलं. काही रविवारांनी भाऊ दोर आणेनासा झाला.

पौषात आम्ही निघालो. चेन्नईत अक्कांनी स्टेशनवर अंघोळ केली आणि प्रतीक्षालयाच्या बाकावर बसून पूजा उरकली. विमानात त्या खिडकीला कपाळ लावून बसल्या होत्या. कोलंबोला उतरताना एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, लई हादरत आसंल."

समुद्र विहिरीसारखा नव्हता. पहिल्या सकाळी लाटेनं मला दोनदा वाळूवर आणून टाकलं. नाकातोंडात खारट पाणी गेलं. किनाऱ्यावर माणसं होती, पण कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. घरमालकीण बाईनं खुणेनं शिकवलं की लाट फुटायच्या आत तिच्याखालून जायचं. दुसऱ्या दिवशी मी लाटांच्या पलीकडं गेले. तिथं पाणी संथ होतं आणि उचलून धरल्यासारखं वाटत होतं. थोड्या अंतरावर एक काळा खडक होता. तिथवर जाता येतं का, असं मी बाईला विचारलं. ओहोटीला पाणी उतरलेलं असताना तिचे भाऊ जातात, असं तिनं सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर मी खडकाकडं निघाले. मध्ये एकदा उताणी होऊन दम घेतला, आणि पोचले. धरायला गेले तर खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांनी उजवा तळहात कापला. जरा वेळ तिथं लटकले आणि परत फिरले.

अक्का पडवीत भात शिजवत होत्या. माझा हात बघून त्यांनी मिसळणाच्या डब्यातली हळद दाबून बसवली, वर चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "डाव्या हातानं जेव. भात निवतोय."