चार बोटांवर एक गाठ

ट्रकचं वायरिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे चारबोटे म्हणायचे. ते काही त्याचं आडनाव नव्हे. वायरींची जुडी बांधताना तो दर चार बोटांवर मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ मारायचा, आणि पंचवीस वर्षांत एकही गाठ पाचव्या बोटावर गेली नव्हती. चारबोट्याचा हात लागला की गाडी वाटेत दगा देत नाही, असं ड्रायव्हर सांगत. त्या नावावरच त्याचं दुकान चालायचं.

असा माणूस डूख धरेल असं कुणाला वाटलं नसतं. पण एका सकाळी दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आपला ट्रक घेऊन आला. बगलेत एक छोटा टीव्ही होता, आणि तो चारबोट्याने लांबूनच ओळखला. ताई पाय मोडून चार महिने खाटेवर पडली, तेव्हा त्यानेच तो तिला दिला होता. हाड सांधलं, पण लंगडेपण राहिलं. दिवसभर घरी बसून शर्टांना बटणं लावणाऱ्या त्या बाईला सोबत काय ती तेवढीच. आता तो केबिनमध्ये लावायचा होता, कारण माल उतरेपर्यंत दाजीसाहेबांचा वेळ जात नव्हता.

"आणि ताईने काय बघायचं?" चारबोट्याने विचारलं.

"तिला घर आहे की. चार भिंती आहेत बघायला."

चारबोट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने मात्र तो गोड बोलला, म्हणाला, बसा दाजी, तासाभरात लावून देतो.

ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात, मिळून चोवीस. टीव्हीला बाराच लागतात. सरळ मार्ग म्हणजे चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवायचा. वाकडा मार्ग म्हणजे एकाच बॅटरीवरून तार ओढायची. टीव्ही झकास चालतो, पण एक बॅटरी उपाशी मरते, दुसरी खाऊन खाऊन उकळते, आणि काही दिवसांत दोघी मिळून गाडीला झोपवतात. नवशिक्यालाही याबद्दल शिव्या देणाऱ्या चारबोट्याने त्या दिवशी वाकडी तार ओढली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण जित्याची खोड. ती तारही त्याने चार चार बोटांवर गाठी मारून देखणी बांधली.

एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, कोसभर सावली नाही अशा रस्त्यावर ट्रक बंद पडला. ताईकडून ते कळलं तेव्हा चारबोट्याला झालेला आनंद त्याच्या स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

पण तिकडच्या वायरमनने बॅटरीचा खोका उघडला, गाठींवरून बोटं फिरवली आणि दाजीला सांगितलं, अशी जुडी बांधणाऱ्याच्या हातून ही चूक होत नाही.

दाजी तडक दुकानात आला. पाचसहा ड्रायव्हर बसलेले होते. त्याने टीव्ही बाकावर आदळला आणि सगळ्यांदेखत विचारलं, हात चुकला का तुझा? हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. चुकतो माणूस कधीतरी.

"चुकला नाही," चारबोटे म्हणाला. "मुद्दाम केलं. टीव्ही ताईच्या समोरून उचललात ना, म्हणून."

एकेक जण उठला. ज्याचा हॉर्न खोलून ठेवला होता, तो हॉर्नचे सुटे भाग रुमालात बांधून घेऊन गेला. त्यानंतर कुणी ट्रकवाल्याने त्याला बॅटरीला हात लावू दिला नाही. आता तो लोकांचे टेबलफॅन दुरुस्त करतो.

दाजी फेरीवरून येऊन आतल्या खोलीत झोपला की दुपारी चारबोटे ताईकडे जातो. टीव्ही पुन्हा तिच्या समोर आहे, आणि त्याच्या वायरीवरही गाठी आहेत. परवा तिने विचारलं, हे झोपलेत, आवाज कमी करू का?

"वाढव," तो म्हणाला.

ताईने बटण दातांनी तोडलेल्या दोऱ्यासकट खाली ठेवलं, आतल्या दाराकडे एकदा बघितलं, आणि आवाज पार शेवटपर्यंत नेला.