झाल्यासारखे आभार

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मावशीची नात तापानं फणफणली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात प्रार्थना केली आणि संध्याकाळी ताप उतरला. मावशी गल्लीभर सांगत सुटली, "लय गुण हाय बाई हिच्या हाताला."

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चार बायांत बोलायचं म्हटलं की मी कोपरा धरते. पण तेव्हापासून लोक मला बोलवू लागले. तोंडानं मी म्हणायची, देवानं केलं. मनातून मात्र गोड वाटायचं. उजव्या हातानं मी शेण उचलायचं सोडलं. आमचे मालक हसायचे, "उजव्या हाताला पेन्शन लागली काय?"

मावशीला साखरेचा आजार. रोज सकाळी पोटावर सुई टोचून घ्यायची. आमच्या घरी ख्रिस्ती प्रार्थनेला बाया जमायच्या; मावशी आली, की मागं बसून ऐकायची. आमच्यात मागितलेलं मिळायच्या आधीच, मिळाल्यासारखे देवाचे आभार मानतात. एकदा मी मावशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाया बघत होत्या म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले, "मावशी बरी झाली, आभार!"

पुढच्या आठवड्यात मावशी नारळ आणि खण घेऊन दारात आली आणि एकदम माझ्या पायाशी वाकली. आईच्या वयाची बाई! मी मागं सरकले.

"मावशी, हे काय करायलाव?"

"सुई बंद केली बाई. आठ दिस झाले. तूच म्हणलीस ना, बरी झाली."

मावशीनं पाणी मागितलं. एक तांब्या संपवला, दुसरा मागितला. तिचे ओठ फुटले होते आणि डोळे आत गेले होते. हे मला आत्ता दिसत होतं.

"मावशी, सुई घ्या. आत्ताच घ्या."

"आता शब्द माघारी घ्यायलीस व्हय?" ती हसली. "देवाचा शब्द हाय तो."

गप्प बसायची सवय आयुष्यभराची. पण गप्प बसले असते तर ती तशीच घरी गेली असती.

"देवाचा नव्हता," मी म्हणाले. "माझा होता. बायांसमोर मोठेपणा केला मी. माझ्या हातात काहीच नाही, मावशी."

"मंग खोटं बोललीस?"

"हो."

"मंग हा नारळ कुणाला फोडू?" असं म्हणून ती उठायला गेली आणि भिंतीला धरून खाली बसली.

मी तिच्या सुनेला हाक मारली. दोघींनी तिला ऑटोत घालून सोनपेठच्या दवाखान्यात नेलं. बोटाचं रक्त मशीनला लावलं. सुनेनं विचारलं, "किती आली?"

डॉक्टर म्हणाले, "मशीन आकडाच दाखवत नाही, एवढी साखर आहे."

सलाईन लावलं. सून बाहेर आली आणि म्हणाली, "आमचं माणूस घालवलं असतंस तू." मी तिथंच बाकावर बसले. प्रार्थना करायला गेले तर नेहमीचे शब्द येईनात. आभार मानायचं धाडस होईना. एवढंच म्हणाले, प्रभू, मला काही येत नाही. ती तुझी आहे, तूच बघ. इतकी रिकामी प्रार्थना मी कधी केली नव्हती. ऐकली जाईल का, हेही ठाऊक नव्हतं. तरी तिथून उठवेना.

तिसऱ्या दिवशी मावशी बसती झाली. मी दारातच उभी होते, आत जायची छाती होईना. नर्स सुई घेऊन आली. मावशीनं आधी सुईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

तिनं स्वतःच पोटावरचा पदर बाजूला केला. "टोच बाई," ती नर्सला म्हणाली, "हिचं ऐकून सुई सोडली, आता हिचं ऐकू नको म्हणून हीच सांगायलीय."