मी साक्ष परत घेते

भरल्या प्रार्थनासभेत उभं राहून, हात छातीशी जोडून, डोळे अर्धे मिटून, "प्रभूने माझ्या मनाला परिपूर्ण शांती दिली आहे आणि माझ्या अंतःकरणात कुणाविषयीही कडूपणा उरलेला नाही," असं मी खणखणीत आवाजात सांगितलं, तेव्हा माझी थोरली जाऊ माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती आणि नाताळपासून मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

असा मूर्खपणा करायला हिंमत लागते. ती माझ्यात भरपूर होती. अक्कल तेवढी यायची होती.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची जमात, लहान होती. सगळे मूळचे नगरकडचे, मुंबईच्या उपनगरांत पोटापाण्यासाठी आलेले मराठी ख्रिस्ती. बुधवारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी सभा भरायची. गाणी व्हायची, पाळकसाहेब थोडं बोलायचे आणि मग ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. कुणाची विडी सुटलेली असायची, कुणी टायफॉइडमधून उठलेला असायचा. माझी पंचाईत अशी की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी कधी मरता मरता वाचले नव्हते आणि विडी तर ओढतच नव्हते. लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. सगळे बोलतात आणि आपण सतरंजीचे धागे उपटत बसतो, हे मला सहन होईना. त्या बुधवारी पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोने, माझ्याकडे नुसतं प्रेमाने पाहिलं आणि मी ताडकन उठले. शांती हा शब्द मला त्या वेळी फार शोभून दिसेल असं वाटलं.

आता भांडणाचं सांगते. मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या. माझे यजमान आणि थोरले दीर दोघेही भांडुपच्या एका कारखान्यात. घरात सासूबाई, आणि थोरली जाऊ. त्यांना मी ताई म्हणायची. मी गावाहून नवी आले तेव्हा स्टो पेटवायला त्यांनीच शिकवलं, रेशनच्या रांगेत माझ्यासाठी त्यांनीच वाद घातला, आणि मला घरची आठवण आली की पाठीमागे उभं राहून मुकाट्याने वेणी घालून द्यायच्या. त्या पेटी वाजवायच्या. गळा असा, की त्यांनी पहिली ओळ म्हटली की खोकणारेसुद्धा गप्प बसायचे.

मलाही गायची भारी हौस. देवाने मला आवाज दिला होता. सूर उद्या देऊ म्हणाला असेल आणि विसरला असेल. नाताळच्या आठवड्यात आमचा जथा संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचा. मी सगळ्यांच्या पुढे, तोंड आभाळाकडे करून. एका घराच्या पायरीवर ताई माझ्या कानाशी लागल्या.

"अगं, तू नुसते ओठ हलव ना. गाणं आम्ही म्हणतो."

झालं! तिथून जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. एका चुलीवर दोघी स्वयंपाक करणार, तर न बोलून चालायचं कसं? मग मी भांड्यांशी बोलायची. "काय रे पातेल्या, तुला कुणी खाली उतरवणार आहे का?" पलीकडून ताई पोळपाटाला सांगायच्या, "तिला हात आहेत का विचार रे." सासूबाई दारात बसून तांदूळ निवडत ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "घरात भांडीच शहाणी उरलीत. जरा विचारा त्यांना, मीठ कुठं ठेवलंय ते."

यात खरी अडचण प्रभुभोजनाची होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी, आमची उपासना भरायची त्या शाळेच्या खोलीत ते असायचं, भाकर आणि द्राक्षरस. रस आमच्याच घरी व्हायचा. सासूबाई शनिवारी मनुका भिजत घालायच्या आणि रविवारी पहाटे कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळायच्या. घरभर तो गोड, आंबूस वास. आणि पाळकसाहेबांचा कटाक्ष असा, की मनात कुणाविषयी वैर असेल तर या मेजाशी येऊ नका. आधी जा, समेट करा, मग या. समेट तर मला करायचा नव्हता आणि देवाची भीतीही होती. म्हणून पहिल्या रविवारी माझं डोकं दुखायचं. जानेवारीत दुखलं, फेब्रुवारीत दुखलं.

बायका काही दुधखुळ्या नसतात. त्यांनी आपसांत निकाल लावून टाकला की मला दिवस गेलेत. एक आजी तर बरणीभर लिंबाचं लोणचं घेऊन आल्या.

"कितवा गं?"

"नाही हो आजी, डोकं दुखतंय."

"पहिलटकरणीचं दुखतंच. खा तू."

कारखान्यात कुणीतरी यजमानांचं अभिनंदन केलं. ते घरी येऊन माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, निदान मला तरी आधी सांगायचंस!" त्यांची समजूत काढता काढता माझं डोकं खरोखर दुखायला लागलं.

असल्या परिस्थितीत मी ती साक्ष दिली! "आमेन" सगळ्यांनी म्हटलं. ताईंना फक्त ठसका लागला. पाळकबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "या वेळी प्रभुभोजनाच्या आदल्या दुपारी बायकांची सभा आहे ना, तिथे मनाच्या शांतीवर तूच बोल. तरुण मुलीच्या तोंडून ऐकू दे सगळ्यांना." घरी परतताना सासूबाई म्हणाल्या, "छान बोललीस हो. आम्हालाही दाखव एकदा ती शांती. ठेवलीयेस कुठं, फडताळात?"

नंतरचे दिवस म्हणजे माझी वाट लागली. बातमी नळापर्यंत गेली. शेजारीण माझ्या हंड्यापुढे आपली कळशी सारून म्हणायची, "तुला आता राग येत नाही ना गं? मग घेते मी आधी." मी हसायची. इतकी हसायची की रात्री जबडा दुखायचा. दूध उतू गेलं, हसले. मांजराने मासळी पळवली, हसले. यजमान म्हणाले, "तू अशी हसू नकोस बाई, भीती वाटते."

भाषणही तयार केलं. शांत सरोवर, झाडावरचं पाखरू, आईच्या कुशीतलं लेकरू, सगळं घातलं त्यात. पाठ म्हणताना माझा मलाच गहिवर यायचा. पण गंमत बाजूला ठेवून सांगते, त्या दिवसांत मला अन्न गोड लागत नव्हतं. शेजारच्या माणसाशी न बोलायला किती कष्ट पडतात! सकाळी डोळे उघडले की आधी आठवायचं की आपण रुसलोय, आणि मग पुन्हा तोंड तसं करायचं. केस विंचरताना हात मागे गेला की ताईंची आठवण व्हायची आणि त्या तर समोरच भाजी चिरत असायच्या. अशीच राहिले तर यांना कायमची गमावीन, आणि देवाच्या मेजाशी पुन्हा कधी सरळ मनाने बसता येणार नाही, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? सुरुवात त्यांनी करायला हवी होती ना!

सभेच्या आदल्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला आम्ही सगळे बसलो होतो. शेवटी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची, रोजचीच. त्यात, आम्ही दुसऱ्यांना जशी क्षमा केली तशी तू आम्हाला कर, असं आपण देवाला म्हणतो. ती ओळ आली आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. मागची ओळ ऐकू आली होती, पुढची आली. मधलीच नाही. मग लक्षात आलं की कित्येक आठवडे मी त्या ओळीला नुसते ओठ हलवत होते.

गाण्यात ओठ हलव म्हटलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, आणि देवासमोर तेच मी कुणी न सांगता करत होते! तिथे सूर चुकायची भीती नव्हती. तिथे मला म्हणायचंच नव्हतं. आणि वर रोज रात्री डोकं टेकून मागत होते, प्रभू, शांती दे, शांती दे. तो देत असणारच. माझ्या दोन्ही मुठी वळलेल्या, घेणार कशात?

त्याच क्षणी उठून ताईंकडे गेले असते तर फार बरं झालं असतं. त्या तिथेच पाटावर बसल्या होत्या. पण माझा ताठा एवढा मोठा, की त्याला उठून उभं राहायला एक अख्खी रात्र लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या खोलीत बायका जमल्या. ताई पेटीवर. पाळकबाईंनी माझं कौतुक करून मला पुढे बोलावलं. मी उभी राहिले, सरोवराचं वाक्य जिभेवर आलं, आणि मी म्हणाले,

"मी माझी साक्ष परत घेते."

कुणाला काही समजेना. पाळकबाई हळूच म्हणाल्या, "अगं, परत काय घेतेस? साक्ष म्हणजे काय दुकानातलं लुगडं आहे?"

"खोटी होती हो ती. माझ्या मनात शांती नाहीये. कडूपणा आहे, चांगला किलोभर आहे. मी नाताळपासून ताईंशी बोलले नाही. माझं डोकंबिकं दुखत नव्हतं. आणि मला दिवसही गेलेले नाहीत."

मागून लोणचंवाल्या आजींचा आवाज आला, "अगं बया! मग बरणी तरी परत दे."

बायका जे हसायला लागल्या ते थांबेनात. मलाही हसू फुटलं, खरं हसू, आणि त्या हसण्यातच मी ताईंकडे वळले. हसले नसते तर जमलं नसतं. म्हटलं, "ताई, तुम्ही मला ओठ हलव म्हणालात त्याचा राग आला होता. खरं होतं म्हणून जास्तच आला. तो मी आज सोडला, प्रभूसमोर सोडला. आणि मी तुमचा इतके दिवस जो छळ केला, त्याची क्षमा करा."

ताईंनी मान खाली घातली. त्यांचं कोपर पेटीवर पडलं आणि पेटीने असा काही हंबरडा फोडला, की पुढच्या रांगेतलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. मग त्यांनी डोळे पुसले, भाता ओढला आणि स्तुतीच्या एका गाण्याचे सूर धरले. माझ्याकडे बघून भुवई उडवली. म्हण, अशी.

मी म्हटलं. अगदी पोटापासून म्हटलं. ते गाणं त्या दिवशी ज्या सुरात गायलं गेलं तो सूर अजून कुठल्या पेटीत बसवलेला नाही, पण छप्पर दणाणलं एवढं नक्की.

लोक विचारतात, शांती आली ते कळतं कसं? सरोवर, पाखरू, लेकरू यातलं मला काही दिसलं नाही. मला कडकडून भूक लागली. घरी जाऊन मी उभ्या उभ्या शिळी भाकरी आणि आजींचं लोणचं खाल्लं आणि ते अन्न मला गोड लागलं. त्या रात्री अशी झोपले की मनुका कुस्करायला सासूबाईंना मला हलवून उठवावं लागलं. सकाळी ताईंच्या शेजारी बसून मी भाकर घेतली, रस घेतला. छाती अशी हलकी झाली होती की जिंकून आल्यासारखी मी घरी चालत आले. जिंकलेच होते. फक्त हरवलं होतं ते ताईंना नव्हे, त्या पुढे पुढे तोंड करून गाणाऱ्या बाईला.

मिळवायला एक दुपार पुरली. राखायला मात्र रोज लागते. माझी रीत सोपी आहे. त्या ओळीला आवाज अडला की मी प्रार्थनेतून उठते. घरचे डोळे मिटून बसलेले असतात आणि मी चपला घालून शेजारणीच्या दारात. "काल मी जरा जास्तच बोलले गं." परत येऊन आमेन म्हणते. नातवंडं म्हणतात, आजीच्या प्रार्थनेला मध्यंतर असतं. म्हणू देत. यजमानांच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा, माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा, सासूबाईंना आणि पुढे यजमानांना मातीआड केलं तेव्हा मी रडले, घाबरले, पण आत एक जागा हलली नाही. ती माझ्या कर्तबगारीची नव्हे. मी फक्त मूठ उघडी ठेवली, भरणारा भरत राहिला. आणि ताईंशी म्हणाल तर मी जन्मभर भांडले, मनसोक्त, पण दिवसाचं दिवसात मिटवलं.

त्या प्रभुभोजनाच्या रविवारचं थोडं राहिलं. संध्याकाळी मी चुलीपाशी पीठ मळत होते. ताई आत आल्या, शेजारी बसल्या. मी म्हटलं, "ताई, तुमचं बरं. तुम्ही दर महिन्याला प्रभुभोजनाला गेलात, तुमचं मन साफ होतं. मीच मेली सोंगं करत घरी राहिले."

त्यांनी माझ्या हातातली परात ओढून घेतली आणि म्हणाल्या,

"साफ कसलं गं? माझ्या मनात तुझ्याविषयी काय काय होतं ते सांगितलं तर आत्ता उठून माहेरी जाशील. तू घाबरून घरी तरी राहिलीस, मी निर्लज्जासारखी जाऊन घास गिळून आले. कालची तुझी साक्ष निम्मी माझी होती, मला फक्त उठून उभं राहवलं नाही. सरक आता तिकडे, आणि तवा ठेव."