पहिल्या ओळीतलं नाव

सरांनी माझ्या हातातल्या नव्या प्रोग्रामिंग लँग्वेजच्या फ्लॉप्या काढून घेतल्या आणि कीबोर्ड पुसायचं फडकं दिलं.

"हे फंक्शनल प्रोग्रामिंग आहे. दिमागाचं काम. तुमच्या लोकांना नाही झेपणार."

समोर अख्खी बॅच बसली होती. एक जण हसला. मी कीबोर्ड पुसले.

तुकोगंजमधल्या त्या कम्प्युटर क्लासमध्ये मी असिस्टंट होते. डिप्लोमा होता माझ्याकडे. पण बाबांची मिल बंद पडलेली, घरात कमावणारी मी एकटी. म्हणून ऐकून घ्यायचे. इतकी थकलेली असायचे की रागसुद्धा यायचा नाही.

फ्लॉप्या कपाटात पडून राहिल्या. सर दुपारी जेवायला घरी गेले की मी त्या काढायचे. सात होत्या. पाचवी वाचलीच जाईना. मैत्रिणीच्या कॉलेजातून दुसरी आणली. लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्यांतून चढवला, तर मशीन त्याला ओळखेना. चार दुपारी गेल्या. मग कळलं, तो कुठे ठेवलाय तो पाथच मशीनला सांगायचा राहिलाय. सांगितला. पहिली बेरीज बरोबर आली. खुर्चीत नुसती बसून राहिले.

क्लासमध्ये एकाच मशीनवर दोन बॅच यायच्या, रोज भांडणं. म्हणून टाइमटेबल लावणारा प्रोग्राम लिहायला घेतला. छोटी छोटी फंक्शनं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात. महिना लागला. चालला.

सरांनी पाहिला. एका शाळेचे लोक बघायला येणार होते, त्यांना हाच दाखवायचं ठरलं.

"बढिया आहे. फक्त वरचं तुझं नाव काढ, माझ्या भाच्याचं टाक. तुझं आडनाव वाचलं की पार्टी परत जाईल."

भाचा शेजारीच उभा होता. खाली बघत होता.

माझं बोट बॅकस्पेसवर गेलं. खोटं कशाला बोलू, आडनावाची दोन अक्षरं मी पुसलीही. मग हात थांबला. ती दोन्ही परत टाइप केली.

"सर, नाव राहील. नाव नको तर प्रोग्रामही नको."

"उद्यापासून येऊ नकोस."

मी फाइल माझ्या फ्लॉपीवर घेतली, मशीनवरची पुसली आणि निघाले.

घरी बाबा म्हणाले, "माफी मागून ये, बेटा. मिलमध्ये मी किती वेळा मागितली."

मी गेले नाही.

आजही थकते. पण माझ्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव असतं, आडनावासकट. नंतर दोन नोकऱ्यांत ते काढायला सांगितलं. दोन्ही सोडल्या. तिसरीही सोडेन.