पाट्यांचं छत

कोणाच्याही घरात शिरला की तो आधी वर बघायचा. माणसं, पाणी, चहा सगळं नंतर. "स्लॅब कोणी टाकला?" हाच आमच्या या गवंडी दोस्ताचा रामराम. लोह्यातल्या आमच्या गल्लीतली निम्मी छतं त्यानंच घातलेली. त्यामुळे उत्तर बहुधा "तूच की लेका" असं यायचं, आणि मग स्वारी खूश.

लग्नाच्या पंगतीतही तेच. भाकरी उचलून सांगायचा, "हा ओतीव स्लॅब. एकजीव, पण जड." मग ताटात काकडीच्या फोडी अंतराअंतरानं मांडून वर पापडाचे तुकडे ठेवायचा. "हा पाट्यांचा. खाली सिमेंटच्या तुळया, वर सिमेंटच्या पाट्या. जिमिनीवर ओतायच्या, वाळल्या की उचलून बसवायच्या. हलका हाय, बिनघोर झोपा." शेजारचा बिचारा वरणाची वाट बघत असायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

माझ्या आईचं माहेर लातूरकडचं. भूकंपात तिथलं मातीचं माळवद कोसळलं आणि तिची धाकटी बहीण त्याखाली गेली. तेव्हापासून आई जड छताखाली पाठ टेकत नाही. ऊन असो, थंडी असो, मागच्या पडवीतल्या पत्र्याखाली तिची गादी. मी घर बांधायला काढलं तेच तिला एकदा आत झोपलेलं बघायचं म्हणून. म्हणून पाट्यांचं छत, आणि म्हणून तो.

त्यानं आईला जसं समजावलं, तसं मला सात जन्मांत जमलं नसतं. "मावशी, पाटीच्या टोकाला सळया बाहेर ठेवतो. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा असतो, त्याच्यात त्या बांधून टाकायच्या. धरणी हालली तरी पाटी भिंत सोडत न्हाई." काम झाल्यावर त्यानं भर दुपारी त्या छताखाली रुमाल अंथरला, आडवा झाला आणि चक्क घोरायला लागला. आई दारात उभी राहून बघत होती. थोड्या दिवसांनी तिची गादी आत आली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

पुढं टाकीच्या पाइपासाठी प्लंबरनं वर जाऊन भिंतीलगत छिन्नी लावली. काँक्रीट निघालं आणि पाटीचं टोक दिसलं. सळई कटरनं सपाट कापलेली. शेजारच्या पाटीचीही तीच गत. पट्ट्यात काहीच बांधलेलं नव्हतं.

गवंड्याला बोलावलं तसा तो आला. वर काही बघितलं नाही.

"पाट्या बसत नव्हत्या," म्हणाला. "पट्ट्याचं लोखंड आड येऊन राहिलं होतं. माणसं पाटी धरून ताटकळलेली. मारला कटर. समदेच मारतात."

मी तोंडाचा पट्टा सोडला. बापजाद्यांपर्यंत गेलो. आईनं हातानंच मला थांबवलं.

"तू त्या दिवशी हितं झोपलास, तवा तुला ठाव होतं?"

"हाव."

"अन् तरी झोपलास?"

"मला भ्या वाटत न्हाई, मावशी. तुमचं भ्या जावं म्हणून झोपलो."

"गेलं होतं रे," आई म्हणाली. "म्हणून तर नातवाला कुशीत घेऊन झोपत होते."

तो उठून गेला. आता माझा फोन उचलत नाही. किनवटकडं काम धरलंय म्हणतात. परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन विसरलो असतो. यानं माझ्या आईची भीती हातात घेतली आणि तिच्याशी खोटं वागला. हे मी त्याला माफ करणार नाही.

नांदेडहून इंजिनिअर आणला. त्यानं पाट्यांच्या टोकांना खालून लोखंडी अँगल बसवून भिंतीशी पक्के आवळले, सगळं तपासलं. मी आईकडं गेलो. ती पुन्हा पडवीतल्या पत्र्याखाली गादी झटकत होती, माझं लेकरू शेजारी होतं. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून मी तिला सांगितलं, "आई, छत आता पक्कं आहे. मी सांगतोय ना. आत चल."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"तोबी असंच म्हणला होता," ती म्हणाली, आणि लेकराचा हात धरून त्याला आपल्याजवळ बसवून घेतलं.